डबी घेण्याआधी

गेल्या अंकात खिशात मावणाऱ्या डॅक-अँपबद्दल मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. मोबाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांच्या विजेच्या लहरी करतो तो डॅक, आणि त्या लहरींना हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देतो तो अँप. हे दोन्ही काडेपेटीएवढ्या डबीत मिळतं, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. भुसावळला वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी शाळेत असल्यापासून बसतोय, आणि टेबलावर मीटर लावून बघितल्याशिवाय कुणाला काही सांगत नाही. नावं छापू नका असं दोघांनी लिहिलंय, म्हणून सगळ्यांची फक्त गावं देतोय.

प्रश्न : आप्पा, रामराम. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्याच्या मावसभावाने त्याचा बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हेडफोन मला दिला, २५० ओहमचा. एवढा नावाजलेला हेडफोन, पण मोबाइलला टाइप-सी कनेक्टरने लावला की आवाज बारीक येतो आणि बास तर जवळजवळ नाहीच. माझा पाचशे रुपयांचा इअरफोन याच्यापेक्षा जोरात वाजतो. हेडफोन खराब आहे का? की अँपवाली डबी घेऊ? (फैजपूर)

बेटा, हेडफोन ठणठणीत आहे. त्याला व्होल्टेज पुरत नाहीये.

तू इंजिनिअरिंगचा, म्हणून हिशेबच मांडतो. तुझ्या हेडफोनला १ मिलिवॅट दिला की ९६ डेसिबल आवाज निघतो. ओहम म्हणजे कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, विजेला किती अडवतं त्याचं माप; २५० ओहमच्या कॉइलमध्ये तो १ मिलिवॅट घालायला अर्धा व्होल्ट लागतो. साध्या इअरफोनची कॉइल ३२ ओहमची असते, तिला तेवढ्याच मिलिवॅटसाठी ०.१८ व्होल्ट पुरतो, आणि शिवाय इअरफोन कानाच्या आत बसतो. बरेचसे स्वस्त कनेक्टर पूर्ण आवाजावरसुद्धा अर्ध्या व्होल्टच्या आसपासच थांबतात. तेव्हा इअरफोन जोरात वाजणारच.

आता तू म्हणशील, अर्ध्या व्होल्टला ९६ डेसिबल म्हणजे पुष्कळ झालं की. पण ते ९६ गाण्यातल्या सगळ्यात मोठ्या ठोक्याचे. तबल्याची एखादी थाप तिथवर जाते. बाकीचा आलाप, तानपुरा, बासरी त्याच्या १५-२० डेसिबल खाली चालतात, आणि जुनं रेकॉर्डिंग हळू भरलेलं असेल तर आणखी खाली. त्यात तुझा हेडफोन मागून उघडा, जाळीचा. खोलीतला आवाज त्यातून सरळ कानात येतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकलेला असतो आणि उशाशी कूलर घरघरत असतो. त्या घरघरीत आलाप बुडतो. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या खोलीत कूलर चालू असणार.

बास का नाही, तेही यातच आलं. आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खालचे सूर आणखीच कमी ऐकू येतात. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं होतं. जुन्या टेपरेकॉर्डरवर 'लाउडनेस' नावाचं बटन असायचं ते याचसाठी. तेव्हा आवाज नीट वर आला की तुझा हरवलेला बास बराचसा आपोआप परत येईल.

डबी घ्यायच्या आधी एक काम कर, फुकटातलं. कॉलेजच्या लॅबमध्ये मल्टिमीटर असेलच, फक्त त्याला एसीची २ व्होल्टची रेंज असली पाहिजे; साध्या मीटरवर २०० व्होल्टचीच असते, तिचा इथे उपयोग नाही. एक बिघडलेला इअरफोन घे, वायर कापून पिनकडचा भाग ठेव. आतल्या तारांवर लाख असते, ती लायटरच्या आचेवर क्षणभर धरून किंवा ब्लेडने खरवडून काढ, नाहीतर मीटर काहीच दाखवणार नाही आणि तू कनेक्टरला दोष देत बसशील. मग मोबाइलवर ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर लाव, आवाज शेवटपर्यंत वाढव आणि डाव्या बाजूची तार व ग्राउंड (दोन्ही कानांची सामाईक तार) यांच्यामध्ये मीटर धर. मी परवा दुकानात आलेल्या एका कनेक्टरवर मोजलं, ०.४८ आलं. त्याच फोनला डबी लावल्यावर १.९७. चौपट व्होल्टेज म्हणजे १२ डेसिबल. तुझ्या हेडफोनला हवे आहेत ते हे १२ डेसिबल.

तेव्हा डबी घे, पण मोठी नको. २ व्होल्ट देणारी, बॅटरी नसलेली, फोनवरच चालणारी छोटी डबी तुला पुरेशी आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किती ओहमला किती व्होल्ट हे छापलेलं असेल तीच घे. नुसतं 'हाय पॉवर' लिहिलं असेल तर खाली ठेव. फोनचं चार्जिंग थोडं लवकर उतरेल, तेवढी तयारी ठेव.

दुकानात तुलना करताना मात्र जपून. बऱ्याच वर्षांपूर्वी रेल्वेतले एक गार्डसाहेब दोन डब्या घेऊन आले होते, एक स्वस्त, एक तिच्या तिप्पट किमतीची. महागडीतला आवाज अधिक मोकळा आहे असं त्यांनाही वाटलं, मलाही वाटलं. मी तर तसं बोलूनही गेलो. संध्याकाळी मीटर लावला तर महागडी एका डेसिबलने जोरात वाजत होती. एक डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये जेमतेम १२ टक्के. एवढ्या फरकाला 'आवाज वाढला' असं कान सांगत नाही, 'आवाज चांगला आहे' असं सांगतो. दोन्ही डब्या सारख्या व्होल्टेजवर आणल्या तेव्हा आम्हा दोघांना कुठली कुठली ते ओळखता आलं नाही. गार्डसाहेबांनी तिप्पट किमतीची परत केली. त्या दिवसापासून माझ्या दुकानात मीटर न लावता दोन डब्यांची तुलना होत नाही.

प्रश्न : दुकानदार ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झची डबी घ्या म्हणतो, साध्या डबीने गाण्यातला तपशील दिसत नाही म्हणे. माझ्याकडे जास्त करून जुने एमपीथ्री आहेत. शिवाय माझ्या ब्लूटूथ हेडफोनलाही ही डबी लावता येईल का? (शिरपूर)

दुसऱ्याचं आधी सांगतो. नाही. ब्लूटूथ हेडफोनच्या पोटात त्याचा स्वतःचा डॅक आणि स्वतःचा अँप असतो. फोन त्याला आकडेच पाठवतो, मधे डबीला जागाच नाही. वायरचा हेडफोन असेल तरच या खर्चाला अर्थ आहे.

आता आकडे. सीडी १९८२ साली आली ती ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट घेऊन. पहिल्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर त्यात मावतात; तरुण, निरोगी कान २० पर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ते खाली येतं. १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल बसतं. आपल्या गावातली खोली रात्रीसुद्धा सहसा ३० डेसिबलच्या खाली शांत होत नाही. ३० वर ९६ ठेवा, कान फाटायची वेळ येते. ऐकायला सीडीचा हिशेब पुरतो. ३८४ चा आकडा खोक्यावर असला म्हणून बिघडत नाही, पण त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

आणि १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीतून जे कापून टाकलंय ते कुठलीही डबी परत आणत नाही. तेच पैसे चांगल्या हेडफोनला द्या, आणि आवडीची वीस-पंचवीस गाणी चांगल्या प्रतीत पुन्हा मिळवा. एक मात्र डबी घेताना विचारा: आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे डबीचा स्वतःचा ओहममधला अडथळा, किती? तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी हवा. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमच्या आत. काही कानात बसणाऱ्या इअरफोनमध्ये तीन-तीन, चार-चार छोटे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असतात आणि त्यांचे ओहम सुराप्रमाणे बदलतात. तिथे हा आकडा चुकला तर काही सूर वर येतात, काही दबतात. दुकानदाराला सांगता आलं नाही तर माहितीपत्रक मागा.

प्रश्न : लॅपटॉपला डबी लावून हेडफोनवर ऐकतो तेव्हा आवाज स्वच्छ. पण त्याच डबीतून वायर काढून घरच्या मोठ्या अँप्लिफायरला दिली की 'घूं' असा आवाज सुरू होतो. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबतो. डबी बदलून घेऊ का? (चाळीसगाव)

डबी बदलू नका, ती निर्दोष आहे. चार्जर काढल्यावर आवाज थांबतो, इथेच उत्तर आलं. लॅपटॉप एका वाटेने आर्थिंगला जोडलेला, अँप्लिफायर दुसऱ्या वाटेने, आणि मधली ऑडिओ वायर त्या दोघांचं वेटोळं पूर्ण करते. त्या वेटोळ्यातून घरातल्या विजेची ५० हर्ट्झची धडधड गाण्यात शिरते.

पहिला उपाय म्हणजे दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. बहुतेक वेळा तेवढ्याने निम्मं काम होतं. नाही झालं तर मधे ऑडिओ आयसोलेटर घाला, त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. चार्जरची तिसरी, जाड पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

आणि एकदा इलेक्ट्रिशियनकडून घराची आर्थिंग बघून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, कोळसा-मिठाचा जुना आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि आर्थिंग नावापुरती उरते. माझ्या दुकानामागच्या खड्ड्यात मी होळीनंतर दर चार दिवसांनी बादलीभर पाणी ओततो.

प्रश्न : भाऊ, मी जिनिंगमध्ये मशीनवर असतो. कापसाच्या सीझनला दहा-दहा तास ड्युटी. मशीनच्या आवाजात मोबाइलवरची गाणी ऐकू येत नाहीत. डबी लावली तर आवाज वाढेल का? कोणती घेऊ? (धरणगाव)

वाढेल. आणि म्हणूनच तुम्हाला मी डबी सांगणार नाही.

भाऊ, हे नीट वाचा. हातभर अंतरावरच्या माणसाशी जिथे ओरडून बोलावं लागतं तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरून चालायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकावं, त्याहून जास्त नाही. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. मशीनवर गाणं उठून ऐकू यायचं तर ते मशीनच्याही वर न्यावं लागेल. धरा ९५. तिथे आठवड्याला सव्वा तास मिळतो. तुम्ही पहिल्याच दिवशी चहाच्या सुटीच्या आत तो संपवाल.

कानाच्या आत बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. सुरुवातीला ड्युटीवरून घरी गेल्यावर कानात 'चीं' असा आवाज राहतो, सकाळी जातो. तो येत असेल तर आजच थांबा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून एकदा तपासून घ्या. माझ्या वडिलांच्या वेळचे लोकोशेडमधले फिटर दुकानात रेडिओ घेऊन यायचे, आवाज येत नाही म्हणून. रेडिओ चालू असायचा. वडील काही न बोलता व्हॉल्यूम वर करून द्यायचे आणि दुरुस्तीचे पैसे घ्यायचे नाहीत. मी बाकावर बसून बघायचो.

मशीनवर असताना कानात फोमचे इअरप्लग घाला. मालक देत नसेल तर मेडिकलमध्ये मिळतात, फार महाग नाहीत. नीट वळून, कान वरून मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. गाणी सुटीत, मशीनपासून लांब बसून ऐका, तुमच्या साध्या इअरफोनवर. तिथे डबीची गरजच पडणार नाही.

प्रश्न : नमस्कार आप्पा. मी शिक्षिका आहे. आमच्या आजेसासूबाई आणि वाड्यातल्या बायकांनी कानबाई देवीच्या रात्री म्हटलेल्या अहिराणी गाण्यांच्या चार कॅसेट घरात सापडल्या, तीसेक वर्षांपूर्वीच्या. आजेसासूबाई आता नाहीत. टेपवर लावलं तर सगळं दबल्यासारखं येतं, शब्द कळत नाहीत. मला ती गाणी लिहून काढायची आहेत. डॅक घेतला तर स्पष्ट ऐकू येईल, शिवाय कॉम्प्युटरवरही घेता येईल, असं एकाने सांगितलं. खरं आहे का? (अमळनेर)

ताई, तुमचं पत्र मी घरात वाचून दाखवलं. आमच्याकडेही श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. ती गाणी म्हणणाऱ्या बायका आता गल्लीत तीनच उरल्यात. तेव्हा या चार कॅसेटना फार जपा.

तुम्हाला डॅक नको. डॅक एकाच दिशेने चालतो, आकड्यांकडून आवाजाकडे. तुम्हाला उलटं हवंय, कॅसेटमधल्या आवाजाचे आकडे करायचेत. त्यासाठी लागतो एडीसी, म्हणजे लाइन-इन (टेपची वायर घालायचं भोक) असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात टेपची वायर घालू नका, ते भोक माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, टेपचा आवाज त्यात फाटतो.

पण सगळ्यात आधी टेपरेकॉर्डर. दबलेला आवाज हा बहुतेक वेळा हेडचा, म्हणजे कॅसेटची पट्टी ज्याला घासत जाते त्या भागाचा दोष असतो.

मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कापसाची काडी त्यात बुडवून हेडचा चकचकीत भाग आणि शेजारचा धातूचा बारीक दांडा पुसा. काडी तपकिरी निघेल. ती पांढरी निघेपर्यंत पुसत राहा. रबराच्या चाकाला अल्कोहोल लावू नका, ओलसर फडकं पुरे. मग कॅसेटकडे बघा. मधल्या फटीत पितळी पट्टीवर लोकरीच्या कापडाचा इवलासा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुकून तो गळून पडतो, आणि मग आवाज असाच दबतो. पडला असेल तर कॅसेट लावू नका. एखाद्या रिकाम्या, स्क्रूवाल्या कॅसेटच्या सांगाड्यात टेप हलवून घ्यावी लागेल. हे काम ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडूनच करून घ्या. तुकडा जागेवर असेल तर आधी एकदा कॅसेट पुढे-मागे पूर्ण फिरवा, इतक्या वर्षांनी थर एकमेकांना चिकटलेले असतात.

आता खरी गंमत. हेडच्या शेजारी एक स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो, टेपच्या झाकणावर त्यासाठी बहुधा एक भोकही ठेवलेलं असतं. ज्या टेपवर ही गाणी भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या टेपच्या हेडचा कोन केसभर वेगळा असला तरी वरचे सूर जातात, आणि स, श, च, ट ही अक्षरं त्या वरच्या सुरांतच असतात. कॅसेट चालू ठेवून हेडफोन कानाला लावा. बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू एकदम थोडा, घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा फिरवा. मागची सळसळ वाढली की शब्दही उघडे पडतात. सळसळ सगळ्यात जास्त होते तिथे थांबा. आधी स्क्रूची जागा मार्करने खूण करून ठेवा म्हणजे परत आणता येईल. मी हे शेकडो वेळा केलंय, आणि बंद दाराआडून बोलणारा माणूस दार उघडून समोर यावा तसा तो क्षण मला अजून वाटतो.

भरताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, साधी डब्ल्यूएव्ही फाइल. तासाला साधारण एक जीबी जागा जाईल, जाऊ द्या. सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, थाळी जोरात वाजली तरी जागा उरली पाहिजे. चारही कॅसेट पूर्ण, दोन्ही बाजू, मधल्या रिकाम्या जागांसकट भरा आणि दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. सळसळ काढायची सोय कॉम्प्युटरवर असते, ती वापरायची तर कॉपीवर वापरा. सळसळीबरोबर ती शब्दांच्या कडाही नेते.

लिहून काढायला बंद कपांचा ३२ ओहमचा हेडफोन घ्या, तो लॅपटॉपवर सरळ वाजतो. आवाज मध्यम ठेवा आणि वीस मिनिटांनी कान मोकळे करा, थकलेला कान शब्द मनानेच भरतो. अशा रेकॉर्डिंगमध्ये मी बऱ्याचदा एक ऐकलंय: कडवं संपत आलं की मागून एखादी बाई पुढच्या कडव्याचे पहिले दोन शब्द हळूच सांगते. टेपच्या स्पीकरवर ते ऐकू येत नाही, हेडफोनवर येतं. तुम्हाला न कळलेल्या ओळी कदाचित तिथे सापडतील. तरी राहिल्याच तर आजेसासूबाईंच्या बरोबरीच्या कुणी आजी वाड्यात असतील, त्यांच्या कानाला हेडफोन लावा, आणि त्या जे म्हणतील ते मोबाइलवर भरून घ्या.